रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो – नोकरीच्या टेन्शनचं तुम्ही काय करता?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून नुसतं वाचायलो, आज धागा काढायची हिंमत करतोय. लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मायक्रोफायनान्समधी ब्रँच मॅनेजर आहे, कंपनीचं नाव विचारू नका. वय ३४, हाताखाली सहा फील्डची पोरं, घरी आईवडील बायको आणि सात वर्षांची पोरगी.

तर होतं असं की रविवारी दुपारचं जेवण करून जरा लवंडलो की चारच्या सुमारास पोटात गोळा यायला सुरू होतो. काही झालेलं नसतं. कुणाचा फोन आलेला नसतो. पण सोमवार सकाळचा सव्वाआठचा व्हिडिओ कॉल डोळ्यासमोर येतो, जिथं सगळ्या ब्रँच मॅनेजरनी कॅमेरा चालू ठेवून आजचा आकडा 'कमिट' करायचा असतो, आणि तो आकडा मी ठरवलेला नसतो, वरून आलेला असतो, माझ्या तोंडून फक्त वदवून घेतात. संध्याकाळी नाही आला की सगळ्यांसमोर "कारणं सांगू नका, कमिट तुम्हीच केलं होतं". मग रात्री साडेनऊला पुन्हा फोन, उद्याचं प्लॅनिंग.

गंमत बघा. मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, आम्हीच नवीन पोरांना हे शिकवतो. आमच्यासाठी असा नियम कुणी काढंल का?

या वर्षी सप्टेंबरच्या पावसात आमच्याकडं काय झालं ते सगळ्यांना माहितीय. एका सेंटरला, म्हणजे कर्जदार बायकांच्या हप्त्याच्या बैठकीला, गेलो तर एक मावशी पदरात सोयाबीन घेऊन आली, काळं पडलेलं, कोंब फुटलेलं, आणि माझ्यासमोर सतरंजीवर ओतून म्हणाली "हे घ्या साहेब हप्त्याला". शिवी दिली नाही, रडली पण नाही. मी नुसता बघत बसलो. तिथून निघून गाडीला किक मारतो तोवर फोन, "तुमच्या ब्रँचचा ओडी (थकलेले हप्ते) कामून वाढला?" आता तिला मी काय सांगू आणि ह्याला काय सांगू.

गेल्या महिन्यात औसा रोडला छाती भरून आली, गाडी बाजूला घेऊन बाभळीखाली बसलो, हाताला घाम. ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणले "टेन्शन घेऊ नका". अडीचशे रुपये. पण टेन्शन न घेणं कसं करायचं असतं ते कुणीच सांगत नाही राव. फोन टेबलावर असतो तरी मांडीला व्हायब्रेट झाल्यासारखं होतं.

नोकरी सोड म्हणू नका, घराचा हप्ता मलापण आहे.

तिसरीशिफ्ट
भाऊ वाचून वाईट वाटलं. मी वाळूजला कारखान्यात १४ वर्षं, सुरुवातीला ऑपरेटर होतो, आता लाइन सुपरवायझर. तुमच्यासारखा कॉल नाही आमच्याकडं पण बोर्ड आहे, लाल आकड्यांचा, दर तासाला टार्गेट किती झाले किती. मुतायला गेलो तरी डोळा बोर्डावर.

दोन गोष्टी सांगतो ज्या आमच्याकडं खरंच बदलल्या. एक म्हणजे शिफ्ट. आधी तिसरी झाली की दुसरी, मग पहिली, असा उलटा फेरा होता. झोपेचं पार वाटोळं. नंतर एका प्लँट हेडनं सरळ फेरा केला, पहिली-दुसरी-तिसरी. काम तेवढंच, तास तेवढेच, पण शरीराला उशिरा झोपणं जमतं, रोज आधी आधी झोप म्हणलं तर नाही जमत. दोन महिन्यात पोरांची आपसातली भांडणं कमी झाली.

दुसरं म्हणजे दोरी. आधी लाइन थांबवायचा अधिकार फक्त इंजिनिअरला. ऑपरेटरला समोर दिसायलंय की माल खराब चाललाय तरी थांबवता येत नाही, आणि शेवटी बोलणी खायची ती त्यानंच. मग प्रत्येक स्टेशनला दोरी दिली, गडबड दिसली की ओढ. खरं सांगू का, दोरी महिन्यात चार-पाचदाच ओढली जाते. पण ती आहे म्हणून माणूस निवांत काम करतो. ह्याचं कारण मला नीट सांगता येणार नाही पण मी डोळ्यानं बघितलंय.

टेस्टसिरीज
+१ मांजराकाठ. लातूरलाच कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो. लोकांना वाटतं लातूर पॅटर्न म्हणजे पोरांनाच टेन्शन. आमचा पगार रिझल्टवर, वर पोरं दर महिन्याला फीडबॅक फॉर्म भरतात आणि त्यात "सर हसत नाहीत" असं लिहिलं की मीटिंग. हसू कुठून आणू, दिवसाला सात लेक्चर. आठ-नऊ चहा आणि तंबाखूच्या पुड्या वेगळ्या. निदान पुडी खाल्ली की पाच मिनिटं शांत वाटतं.

पेन्शनरआबा
आमच्या काळी टेन्शन हा शब्दच नव्हता. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीवर दिवस काढले. कुणी ईसीजी काढायला गेलं नाही. आता एसीत बसून फोन आला तरी छातीत दुखतं. सकाळी उठून चार किलोमीटर चाला, रात्री नऊला झोपा. बाकी सगळे मनाचे खेळ.

सज्जावाली
आबा, रागावू नका पण मायक्रोफायनान्सचा माणूस एसीत बसत नाही, उन्हात मोटारसायकलवर असतो. आणि रात्री नऊला झोपा म्हणताय, त्यांना साडेनऊला साहेबाचा फोन आहे हे वाचलंत ना?

मी तलाठी आहे. आता आमच्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून तलाठी बाईच म्हणतात. मांजराकाठ, तुमची ती सतरंजीवर ओतलेली सोयाबीनची गोष्ट वाचून मी दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. मीही त्याच पावसात पंचनामे केलेत. बांधावर उभं राहायचं, गुडघाभर चिखल, एका हातात छत्री एका हातात मोबाईल, आणि ॲप गोल गोल फिरतंय. मागं पंधरा माणसं उभी. प्रत्येकाला वाटतं माझंच राहणार. एक म्हातारा माझ्यावर इतका ओरडला की माझ्यासोबतचा कृषी सहाय्यक मध्ये पडला. ओरडून झाल्यावर तोच म्हातारा म्हणला "पोरी, पाणी पिली का सकाळपासून?"

त्या दिवशी एक कळलं की लोकांचा राग माझ्यावर नव्हता, मी फक्त समोर होते. हे कळलं म्हणून काम हलकं होत नाही, पण घरी येऊन रात्रभर तेच वाक्य चघळत बसणं थांबलं.

माझं आणखी एक आहे, हसू नका. घरच्या रस्त्यावर एक ओढ्याचा पूल लागतो. तिथं मी स्कूटी बंद करून दहा मिनिटं उभी राहते. फोन डिकीत. काही करत नाही, ध्यान वगैरे मला जमत नाही, पाणी असलं तर पाणी बघते नसलं तर वाळू बघते. आणि पोरांना सांगून ठेवलंय, आई आल्यावर अर्धा तास आईला कुणी प्रश्न विचारायचा नाही. धाकटा घड्याळ घेऊन बसतो समोर 😄

कागदीघोडा
मी चिकलठाण्याला एचआरला आहे, आता शिव्या घाला. आमच्याकडं पण 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं सेशन झालं, कधी? शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, हजेरी कंपल्सरी. मेल मीच पाठवला होता. बाहेरून आलेल्या माणसानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले, अर्धे जण झोपले, मला वाटतं तेवढाच काय तो खरा फायदा.

पण आतली एक गोष्ट सांगतो, कामाची आहे. तोंडी सांगितलेलं एचआरला ऐकू येत नाही. म्हणजे ऐकू येतं पण त्याचं पुढं काही करता येत नाही. "सर खूप प्रेशर आहे" हे वाक्य तर कधीच बोलू नका, त्यावर साहेबाचं उत्तर ठरलेलं आहे, "प्रेशर कुणाला नाही?" त्यापेक्षा छोटी, मोजता येणारी, हो किंवा नाही म्हणता येईल अशी मागणी करा आणि ती मेलवर करा. रात्रीचा कॉल साडेसहाला घ्यावा. पूरग्रस्त गावांची यादी वेगळी काढून त्यांचं टार्गेट वेगळं धरावं. असं. भाषा नरम, कारण कंपनीच्या फायद्याचं, खाली तारीख.

आणि कायद्याचं म्हणाल तर आठवड्याला ४८ तास आणि त्यावर दुप्पट दरानं ओव्हरटाइम हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून आहे, पण ते कामगाराला. पद 'मॅनेजर' झालं की हिशोब बदलतो. म्हणून तर आजकाल सगळेच मॅनेजर आहेत. ज्याच्या हाताखाली कुणी नाही तोपण मॅनेजर.

ओपीडीबाहेर
मी अंबाजोगाईकडची, मानसोपचार विभागात समुपदेशनाचं काम करते. इथं लिहावं की नाही असा विचार करत होते पण तिसरीशिफ्ट यांनी दोरीचं जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही, कारण ह्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी पुस्तक न उघडता सांगितली आहे.

१९७९ साली रॉबर्ट कॅरासेक नावाच्या संशोधकानं मांडलं की नुसत्या जास्त कामानं माणूस तेवढा खचत नाही. काम जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार मात्र शून्य, ही जोडी वाईट. लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्या लोकांत जास्त निघाला, आणि त्यामागं जी कारणं सापडली त्यात कामावर आपला ताबा नसणं हे एक मोठं होतं. आपल्याकडं उलटं समजतात, "साहेबाला किती टेन्शन". साहेबाच्या हातात दोरी असते हो. मांजराकाठ, तुमचा आकडा तुम्ही ठरवत नाही पण तो तुमच्या तोंडून वदवून घेतात असं तुम्ही लिहिलंय, पोटातला गोळा तिथं आहे असं मला वाटतं.

आता शरीराचं. मागं बैल लागला तर काय होतं, छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, पोटाचं काम थांबतं, सगळी ताकद पळायला. बैल गेला की थोड्या वेळात शरीर जागेवर येतं. ही सोय चांगली आहे, तिच्यामुळंच आपण जगलो. पण तुमचा बैल खिशात आहे आणि तो दिवसातून वीस वेळा वाजतो, शरीराला बैल गेल्याचा निरोपच मिळत नाही. मग झोप उडते, चिडचिड, अपचन, मान आखडते, विसरायला होतं, घरच्यांवर विनाकारण ओरडणं. फोन नसताना मांडीला वाजल्यासारखं होणं लई लोकांना होतं, वेड नाही ते, कान लावून बसलेलं शरीर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं 'बर्नआउट' हे आजारांच्या यादीत आजार म्हणून नाही घेतलं, कामाशी संबंधित अवस्था म्हणून घेतलंय. तीन खुणा दिल्यात. अंगातलं सगळं संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याच्यानं काही नीट होत नाही असं वाटणं. तुमच्या लिहिण्यावरून पहिली आहे. दुसरी मात्र दिसत नाही, त्या मावशीबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय. ज्या दिवशी काहीच वाटेनासं होईल त्या दिवशी जास्त काळजी करा.

दोन गोष्टी मात्र अगदी स्पष्ट सांगते. छातीत दुखलं तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, एकदा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे कायमचा परवाना नाही. घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, दम लागणं असेल तर सरळ दवाखाना, बाकी विचार नंतर. आणि दुसरं, झोप, भूक आणि मन दोन आठवडे सलग पडलेलंच असेल, किंवा नको हे जगणं असे विचार यायला लागले, तर त्याला टेन्शन म्हणून बाजूला टाकू नका. घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात), जिल्हा रुग्णालयात, आमच्याकडं, सगळीकडं मानसोपचाराची ओपीडी आहे, फुकट किंवा केसपेपरच्या पैशात होतं. जायला लाज वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६, केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

टेस्टसिरीज, पुडीबद्दल. पुडी खाल्ली की शांत वाटतं ते खरं, पण बेचैनी बऱ्यापैकी पुडीचीच असते, मागची उतरायला लागली की जीव कासावीस होतो आणि नवी टाकली की तो थांबतो. आपण क्रेडिट पुडीला देतो. आणि संध्याकाळी चारनंतरचा चहा झोपेपर्यंत रक्तात असतो, तेवढा तरी सोडा.

टेस्टसिरीज
मॅडम तुम्ही आमच्या कोचिंगला लेक्चर घ्या. फीडबॅक फॉर्म मी भरतो.

तिचीबाजू
मी नोकरी करत नाही, माझे मिस्टर जालन्याला स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये डिस्पॅचला आहेत. कुणी विचारलं नाही तरी लिहिते.

घरी आल्यावर त्यांचा फोन ताटाशेजारी असतो, उलटा ठेवलेला. उलटा ठेवला म्हणजे घरच्यांकडं लक्ष आहे असं त्यांना वाटतं. पण भाकरी मोडताना डोळे फोनच्या पाठीकडं. परवा आमची मुलगी म्हणली "बाबा साहेबांसंगं बोलताना वेगळंच हसतात, आपल्यासंगं तसं हसत नाहीत." ते ऐकून हे ताटावरून उठले, रागानं नाही, गच्चीवर गेले. मी मागं गेले नाही. काय बोलावं कळलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की तुम्ही घरी सांगता का काय चाललंय ते? आमच्याकडं सहा महिने "काही नाही" हे एकच उत्तर होतं. मला वाटलं बाहेर काही भानगड आहे. भानगड निघाली ती ट्रक वेळेवर न लागल्याची. मला आधी सांगितलं असतं तर मी निदान ते सहा महिने तरी नीट झोपले असते.

मांजराकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. तिचीबाजू, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणली "ही बाई कोण आहे, मला भेटायचंय." मग रात्री पावणेबारापर्यंत बोलत बसलो. तिला माहितीच नव्हतं की सकाळचा कॉल म्हणजे काय असतो, तिला वाटायचं नुसती हजेरी असते.

दोरीचं डोक्यातून जाईना. रात्री वहीवर लिहून काढलं, माझ्या हातात काय आहे आणि काय नाही. टार्गेट नाही. पाऊस नाही. साहेबाचा स्वभाव नाही. पोरांची गावं कशी वाटायची ते आहे. कुठल्या सेंटरला मी स्वतः जायचं ते आहे. पोरांना मी रात्री फोन करतो की नाही ते आहे. आणि इथं थांबलो, कारण साडेनऊला साहेबाचा फोन झाला की पावणेदहाला मी माझ्या सहा पोरांना फोन करतो. तोच टोन. तेच वाक्य. "कारणं सांगू नको." म्हणजे त्यांचा बैल मीच की.

दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, सहानंतर माझा फोन येणार नाही, काही असलं तर सकाळी. एक जण म्हणला "सर तुमची बदली झाली का?"

तिसरीशिफ्ट
😂😂 बदली झाली का. भाऊ हेच. मस्त केलं.

पेन्शनरआबा
सगळे प्रतिसाद वाचले. सज्जावाली बाई, तुमच्यावर रागावलो नाही.

मी शिक्षक होतो, औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला तेव्हा आमच्या गावाला फारसं काही झालं नाही, पण किल्लारी भागात आमची ड्युटी लागली. याद्या करायच्या. कोण गेलं, कोण राहिलं, वारस कोण. माझ्या वर्गातून शिकून गेलेल्या पोरांची नावं मी माझ्या हातानं यादीत लिहिली. पाऊस चालू होता, कागद भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरायचो. दीड महिना ते काम केलं आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झालो. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढं सात-आठ वर्षं मला रोज पहाटे पावणेचारला जाग यायची. गजर न लावता. मी त्याला शिस्त म्हणायचो. सकाळचं चालणं तिथूनच सुरू झालं, झोप येत नाही तर करायचं काय. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

चाला म्हणून सांगितलं ते मागे घेत नाही. चालण्यानं फायदा होतो. बाकीचं जरा घाईत लिहिलं होतं.

ओपीडीबाहेर
आबा, त्याला शिस्त म्हणत नाहीत. लिहिलंत ते बरं केलंत. अजून जाग येते का?

पेन्शनरआबा
आता वयामुळं येते.

कागदीघोडा
मांजराकाठ मेलचं काय झालं?

मांजराकाठ
केला. तीन दिवस लिहिला-खोडला. तुम्ही म्हणल्यासारखं दोनच मागण्या. रात्रीचा कॉल साडेसहाला. आणि पुरात गेलेल्या ११ गावांची वेगळी यादी, तिथं हप्ता पुढं ढकलून द्यावा, कारण आत्ता दाबलं तर ह्या बायका पुढच्या वर्षी आपल्याकडं येणारच नाहीत. सोबत सेंटरनिहाय तक्ता.

उत्तर आलं नाही. आठ दिवस काहीच नाही. त्या आठ दिवसात पोटातला गोळा रविवारपुरता राहिला नाही, रोज यायला लागला, म्हणलं हा कागदीघोडा मला घरी बसवणार. मग एरिया मॅनेजरचा फोन आला, आधी वीस मिनिटं झापलं की मेल वरच्या साहेबांना कामून मार्क केला. आणि शेवटी म्हणले तक्ता चांगला आहे, दुसऱ्या ब्रँचनापण तसाच पाठवायला सांगतो. ११ पैकी ४ गावांना सवलत मिळाली. कॉल साडेनऊचा नऊला आला. नऊला! अर्ध्या तासासाठी एवढा मेल.

पण मंडळी, ज्या गावची ती मावशी आहे ते गाव त्या चारात आहे.

कागदीघोडा
चार म्हणजे लई झाले, खरं सांगतो. आणि झापणं आलं म्हणजे मेल वाचला गेला. तो मेल आणि तक्ता पर्सनल मेलवर जपून ठेवा, अप्रेजलला लागंल. ग्राहकांचा डेटा मात्र काढून, नाहीतर तेच तुमच्यावर उलटंल.

सज्जावाली
अभिनंदन! पुलाचं काय, सापडला का एखादा पूल?

मांजराकाठ
पूल नाही पण मांजरा नदीच्या बॅरेजवर थांबतो आता. पहिल्या दिवशी दोन मिनिटात कंटाळा आला, फोन बघितला. सध्या सहा-सात मिनिटांवर आलोय. ओपीडीबाहेर मॅडमनी सांगितल्यावर लातूरला फिजिशियनकडं जाऊन नीट तपासणी केली, ट्रेडमिल पण, सगळं ठीक. त्यांनी विचारलं झोप किती, मी म्हणलं साडेचार तास, तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत बसले.

रविवारचा गोळा गेलेला नाही. चारला यायचा तो आता सातला येतो.

बाय द वे येळवशीला (वेळ अमावस्या, आमच्याकडं सगळे शेतात जेवायला जातात) सुट्टी टाकलीय. गेली तीन वर्षं टाकली नव्हती, क्लोजिंग जवळ आली की मागायचीच हिंमत व्हायची नाही. अजून मंजूर नाही.

तिसरीशिफ्ट
येळवशीला सुट्टी नाही म्हणजे माणसात आहे का तुमचा साहेब? आमच्या लाइनवर लातूर-धाराशिवची पोरं आहेत, त्या दिवशी अर्धी लाइन रिकामी, प्लँट हेडनंच कॅलेंडरवर लाल गोल केलाय.

टेस्टसिरीज
वर्गात पोरं नसतात त्या दिवशी. एकमेव दिवस ज्या दिवशी लातूरमध्ये टेस्ट सिरीज हरते.
(पुड्या दिवसाला तीनवर. चहा तेवढाच.)

मांजराकाठ
शेतातून टाकतोय. कोपीत (कडब्याच्या खोपटीत) नेटवर्क नाही, पांदीपर्यंत, शेताच्या वाटेपर्यंत, चालत आलोय त्यासाठी.

सुट्टी काल रात्री नऊच्या कॉलवर मंजूर झाली, "फोन चालू ठेवा" म्हणून. ठेवलाय चालू, रेंज नाही त्याला मी काय करू. वडलांनी कडब्याची कोप केली, आईनं डोक्यावरून आंबिलाचं मडकं आणलं, पोरगी ज्वारीत लपाछपी खेळायलीय. भज्जी दोनदा घेतली, उंडे मोजले नाहीत. जेवल्यावर कोपीतच आडवा झालो तर डोळा लागला, बायकोनं उठवलं तेव्हा पावणेपाच झाले होते. इथं येईपर्यंत चौदा मिस्ड कॉल पडले. त्यातले नऊ पोरांचे, येळवशीच्या शुभेच्छांचे. पाच साहेबाचे.

आधी पोरांना फोन लावतो.

तिचीबाजू
आमच्याकडं जालन्याला ही पद्धत नाही. उंडे कसे करतात, तुमच्या मिसेसना विचारून टाका ना इथं.